इंदूचं काय करावं

बशीरभाईंना कादंबरीचं नाव कधीच लक्षात राहत नसे. लेखकाचं तर नाहीच. वाचनालयाचं पुस्तक परत न्यायला मी गेलो की ते विचारायचे, "कोणतं? त्या धरणवाल्याचं का त्या दोघी सवतींचं?" एकदा मी म्हणालो, ज्यानं एवढी मेहनत घेतली त्याचं नाव तरी पाहत जा. त्यावर सुईत दोरा ओवता ओवता ते म्हणाले, "मोजणीसाहेब, तुमी कोणाच्या घरी पाव्हणे गेले तर घर बांधणाऱ्या मिस्तरीचं नाव इचारता का? घरच्या लोकायला भेटून येता."

मी भूमापक आहे. जमिनी मोजणं हा माझा नोकरीचा भाग, आणि घरातही माझा स्वभाव तोच. दूध मापून घेतो, दुधाचं मापही एकदा तपासून घेतलं होतं. बशीरभाईंशी ओळख झाली तीही याच स्वभावामुळं. सेनगाव तालुक्यात बदली झाल्यावर मी कनेरगाव नाक्यावर भाड्यानं घर घेतलं. हिंगोली-वाशीम रस्त्याला लागून, दोन ढाब्यांच्या मधोमध बशीरभाईंचं गादीचं दुकान होतं. पुढं कापूस पिंजायचं यंत्र, मध्ये गाद्या भरायची मोकळी जागा, मागं घर. लग्नातल्या दोन जुन्या गाद्या पिंजून भरायला मी त्यांच्याकडं दिल्या. देताना जोखून दिल्या आणि घेताना जोखून घेतल्या. वजन कमी भरलं. मी तसं सांगितलं. बशीरभाई आत गेले आणि एक गोणपाट घेऊन आले. त्यात काळी धूळ, कापसाच्या गाठी, एक केसांचा आकडा आणि माझ्या पोरीचं लहानपणीचं पैंजण होतं.

"हा तुमचा कचरा. हाबी जोखून घ्या."

जोखला. वजन बरोबर जुळलं. "आता झोप लागंल तुमाला," ते म्हणाले. मग पैंजण माझ्या हातात ठेवून हसले. त्या दिवसापासून आमचं जमलं.

तेव्हा त्यांचं वय साठीच्या अलीकडं असावं. उंच, किरकोळ बांध्याचे, पांढऱ्या दाढीत कायम कापसाचे तंतू अडकलेले. त्यामुळं दाढी किती पिकली आहे याचा अंदाज यायचा नाही. शिक्षण चौथीपर्यंत उर्दूत आणि पुढं मराठी शाळेत, दहावीपर्यंत. घरात बोलणं दखनीत, गिऱ्हाइकाशी आपल्याकडच्या मराठीत, आणि वाचन फक्त मराठी कादंबऱ्यांचं. गोष्टींची पुस्तकं त्यांना चालत नसत. "गोष्ट म्हंजे एसटीत भेटलेला माणूस," ते म्हणत. "ओळख होईस्तोवर त्याचं गाव येतंय." कविता ते वाचत नसत, त्याबद्दल त्यांचं मत विचारलं तर "आपला तो इलाखा न्हाई" एवढंच.

आठवड्याला मला कामासाठी हिंगोलीला जावं लागे. तिथल्या वाचनालयाचं सभासदत्व माझ्या नावावर होतं आणि पुस्तकं बशीरभाई वाचत. मी स्वतः फार वाचणारा नव्हतो. त्यांच्यामुळं वाचू लागलो, तेही पुस्तक त्यांना देण्याआधी उत्सुकतेनं चाळून. आणि माझं वाचन कसं, तर एका कादंबरीत थोरल्या मुलाचं वय आणि आईचं वय यांचा मेळ बसेना. हिशेब केला तर आईला मूल झालं तेव्हा ती आठ वर्षांची ठरत होती. मी मोठ्या उत्साहानं हे बशीरभाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पानं नीट पाहिली.

"छापणाऱ्याची चूक असंल," ते म्हणाले. "आई बराबर हाय."

वाचायची त्यांची जागा ठरलेली होती. भरून तयार झालेल्या गाद्यांचा गठ्ठा भिंतीला लावलेला असे, त्याच्यावर चढून ते आडवे होत. दुपारी जेवण झाल्यावर, यंत्र बंद असताना. खालून फक्त पायाचे तळवे आणि पुस्तकाचा पुठ्ठा दिसायचा. गिऱ्हाईक आलं तर वरूनच विचारायचे, "भरायची का पिंजायची?" खूण म्हणून पानात कापसाची बोटभर वात ठेवत. वाचनालयातल्या बाईंनी एकदा मला विचारलं होतं की तुमच्या पुस्तकांत हा कापूस कुठून येतो.

त्यांची बायको रुकय्याभाभी वाचत नसत, पण प्रत्येक कादंबरी त्यांना माहीत असे. बशीरभाई गादीला टाके घालताना सुई एका बाजूनं खुपसत, भाभी दुसऱ्या बाजूनं ओढून परत देत, आणि त्या लयीत कालचं वाचलेलं सांगणं चाले. भाभींचे निर्णय झटपट असत. एका कादंबरीतली बाई पानंच्या पानं खिडकीत बसून विचार करते हे ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "ह्या किताबातल्या बाया भाकरी कवा थापतात?"

"लिहिणाऱ्यानं नसंल लिहिलं. थापली असंल तिनं."

"मग लिवायला काय झालं त्येला? खाल्ली तर असंल ना."

नंतर कितीतरी दिवस नवं पुस्तक हातात आलं की ते मला सांगत, "ह्यात भाकरी हाय बरं का. सत्तरच्या पानावर."

पण त्यांची खरी सवय वेगळीच होती, आणि हे सगळं लिहायचं कारणही तीच. कादंबरी वाचत ते शेवटच्या प्रकरणापर्यंत येत आणि तिथं थांबत. वात ठेवत आणि पुस्तक मिटून कोनाड्यात टाकत. मग दुकानात येईल त्याला विचारत: अमुक माणूस असा असा अडकलाय, त्यानं आता काय करावं? याला ते पंचायत म्हणत. आधी भाभी, मग मी, मग शेजारचा ढाबेवाला, मग गिऱ्हाइकं, ट्रकवाले, कोणीही. प्रत्येकाचं ऐकून घेत. मध्येच उलटा प्रश्न टाकत: "पण त्याचा बाप जिता हाय, ते धरलं का तुमी?" सगळ्यांचं घेऊन झालं की स्वतःचं ठरवत. मग शेवट वाचत. लेखकाचा शेवट त्यांच्या ठरावाशी जुळला तर खूश, आणि नाही जुळला तर लेखकावर रागवत नसत. "त्येनं बी इचार केलाच असंल," म्हणत. एकदा मी म्हणालो, एवढं लांबण कशाला लावता, पाच मिनिटांत शेवट कळेल.

"घाई काहून करता? शेवट वाचला की ती माणसं घरी जातात. जाईस्तोवर बसू द्या की."

या सवयीचा मला एकदा नोकरीत उपयोग झाला. पुसेगावला दोन भावांच्या शेताची मोजणी होती. चुन्याची रेघ आखली की थोरला ओरडायचा आणि धाकटा बांधावर खाली मान घालून बसायचा. दोनदा मोजणी तशीच परत आली होती. मी सहज बशीरभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "तो धाकटा काय म्हणतो?" मी म्हणालो, काहीच म्हणत नाही. "मग त्येलाच आधी इचारा. धरणवाल्या पुस्तकात बी असंच हाय. गप बसणाऱ्यापाशीच खरी भानगड असतीया." तिसऱ्या खेपेला मी थोरल्याला पाणी आणायला पाठवलं आणि धाकट्याला विचारलं. त्याला जमिनीचं काहीच नव्हतं. विहिरीकडं जायला वाट हवी होती, आणि ती मागितली की वहिनी बोलते, एवढंच. वाट आखून दिली आणि दोघांनी सह्या केल्या. हे ऐकून बशीरभाईंना फार काही वाटलेलं दिसलं नाही. "वहिनी का बोलती ते न्हाई इचारलं?" एवढंच ते म्हणाले.

तर इंदूची कादंबरी त्यांनी वाचली ते पावसाळा संपता संपता. सोयाबीन निघून राहिलं होतं आणि लग्नसराईच्या गाद्यांची मागणी सुरू व्हायची होती. इंदू ही एका तालुक्याच्या गावची शाळामास्तरीण. तिशीची, नवरा गेलेला, मूल नाही. भाऊ तिचं दुसरं लग्न एका म्हाताऱ्या ठेकेदाराशी लावायला बसलेले. ती भावांना सांगते, मला विचारल्याशिवाय माझं ठरवू नका. आणि तिच्याच शाळेतल्या मुख्याध्यापकाला ती आवडते, पण तो तोंड उघडत नाही. इथं बशीरभाईंनी वात ठेवली आणि पंचायत बसवली.

ही पंचायत लांबली. इंदूवर त्यांचा जीव बसला होता. ते तिच्याबद्दल असं बोलत जणू ती पलीकडच्या गल्लीत राहते. "काल इंदू भावाला काय म्हणाली म्हाईतीय का?" "तिचा पगार भावजयच ठिवून घेती." आम्हा नेहमीच्या लोकांना हे सवयीचं होतं. पण गादीच्या दुकानात नवी माणसंही येतात, आणि ती बहुतेक लग्नाच्या कामानं येतात. गादी भरणाऱ्याला कुणाच्या घरात लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, कुणाची मुलगी राहिली, सगळं कळतं. आपल्या भागात स्थळ विचारायला लोक सोनाराकडं जातात तसे गादीवाल्याकडंही जातात. त्यामुळं पुढं जे झालं त्यात कुणाला वेड्यात काढावं असं काही नव्हतं.

पुसेगावच्या गंगाआक्का गाद्या पिंजायला घेऊन आल्या होत्या. कापूस पिंजून होईस्तोवर त्या बाकावर बसल्या आणि इंदूची सगळी कथा त्यांनी ऐकली. कोणत्या जातीची, कोणत्या गावची हे त्यांनी विचारलं. बशीरभाईंनी पुस्तकात होतं ते सांगितलं. जाताना त्या म्हणाल्या, "लई गुणाची हाय हो." बशीरभाई म्हणाले, "तर. पण करावं काय तिचं?" पुढच्या आठवड्यात गंगाआक्कांचा फोन आला: त्या पोरीचं कुठं जमलं का? बशीरभाईंना वाटलं, ही बाई पंचायतीत मन लावून राहिली. ते खूश होऊन म्हणाले, "न्हाई अजून. तशीच अडकून हाय बिचारी."

त्यानंतरच्या रविवारी दुपारी मी दुकानात असताना एक जीप येऊन थांबली. गंगाआक्का उतरल्या, त्यांच्यामागं त्यांचे यजमान, एक फेटेवाले चुलते, आणि शेवटी चाळिशीकडं झुकलेला एक माणूस. नवा पांढरा शर्ट, पायात नवी चप्पल, हजामत ताजी. हा त्यांचा धाकटा भाऊ भगवान, साखरा गावचा. कोरडवाहू जमीन, घरात म्हातारी आई. बायको चार वर्षांमागं आजारानं गेली. आम्ही पाणी दिलं. बसल्यावर चुलत्यांनी घसा साफ करून विषय काढला: पोरीच्या भावांचा नंबर द्या, आमी स्वतः जाऊन बोलतो.

"आन फोटो असंल तर ह्याच्या मोबाईलवर टाका," गंगाआक्का म्हणाल्या. "तसं फोटोचं काही न्हाई. गुण बघितले आमी."

बशीरभाई पाण्याचे पेले उचलता उचलता अर्ध्यात थांबले. "कोणाचा फोटो?"

"इंदूचा."

मी आयुष्यात बऱ्याच शांतता अनुभवल्या आहेत. बांध मोजताना पट्टी एका भावाच्या बाजूला वीतभर जास्त निघाली की होते तीसुद्धा. ही त्याहून वाईट होती. बशीरभाई गेले, कोनाड्यातून पुस्तक काढलं आणि ते गंगाआक्कांपुढं धरलं. म्हणाले, "आक्का, ती ह्याच्यात हाय."

समजायला थोडा वेळ गेला. मग चुलते मोठ्यानं हसले, यजमानही हसले. गंगाआक्का मात्र संतापल्या. "म्हंजे आठ दिस आमी पुस्तकातल्या बाईसाठी जिपा करून राहिलो व्हय? फोनवर तरी सांगायचं न्हाई? माझ्या भावाला नवे कपडे घालून आणलं मी." भाभी आतून चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. बशीरभाईंची मान खाली. "चूक झाली," ते म्हणत राहिले, "लई मोठी चूक झाली."

भगवान तेवढा काही बोलला नव्हता. सगळे उठले तेव्हा त्यानं विचारलं, "पण मग तिचं पुढं काय झालं?"

"अजून वाचलं न्हाई," बशीरभाई म्हणाले.

जीप गेल्यावर त्यांनी दुकान बंद केलं. एरवी हसण्यावारी जाईल अशी ही गोष्ट, आणि नाक्यावर ती हसण्यावारी गेलीच. ढाबेवाला येईल त्या ट्रकवाल्याला रंगवून सांगू लागला. पण बशीरभाईंना हसू येत नव्हतं. मला म्हणाले, "साहेब, माणसाला आशेला लावलं मी. कापूस कमी भरला असता तर भरून देता आला असता. हे कसं भरू?"

दोन दिवसांनी मला साखऱ्याला काम होतं. बशीरभाई पुस्तक पिशवीत घालून माझ्या मोटारसायकलवर मागं बसले. भगवान घरीच होता. हरभरा पेरायची तयारी चालली होती. आई ओसरीवर शेंगा निवडत होती. बशीरभाईंनी पुन्हा माफी मागितली. भगवान म्हणाला, "त्येचं काय न्हाई चाचा. आक्काला राग लवकर येतो." मग बशीरभाई म्हणाले, "तुमी इचारलं होतं पुढं काय झालं. तेवढं तरी देणं लागतो." आणि ओसरीवर बसून त्यांनी शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचलं. तेही पहिल्यांदाच वाचत होते. शब्दांवर अडखळत नव्हते, पण एकेका वाक्याला थांबत होते.

शेवट असा होता की इंदू ठेकेदाराला नाही म्हणते, मुख्याध्यापकाची वाट पाहायचंही सोडते आणि लांबच्या गावी बदली मागून घेते. ती एसटीत बसताना मुख्याध्यापक तिची विसरलेली छत्री घेऊन धावत येतो. ती छत्री घेते, आभार मानते, गाडी सुटते. संपलं.

म्हातारी म्हणाली, "येडाच हाय तो मास्तर. छत्री द्यायला आला आन बोलला न्हाई."

भगवाननं हरभऱ्याच्या पोत्याचं तोंड बांधलं. मग म्हणाला, "बरं केलं तिनं." आणि थोड्या वेळानं, "आमच्याकडं आली असती तर शाळा सुटली असती तिची." निघताना तो आमच्याबरोबर रस्त्यापर्यंत आला. तिथं त्यानं एक गोष्ट सांगितली. मागल्या उन्हाळ्यात आक्कानं वाशीमकडचं एक स्थळ पाहिलं होतं. सुमन नावाची बाई, नवऱ्यानं टाकलेली, फारकत झालेली, अंगणवाडीत मदतनीस. बघायला गेले तेव्हा तिनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, मुलगा का बोलत नाही, त्याचं मत काय? आक्काला ते खपलं नाही. तोंडाळ म्हणून स्थळ सोडलं.

"मला तवा बी ते वाईट वाटलं न्हाई," भगवान म्हणाला. "पण मी कुठं बोललो? तुमच्या मास्तरासारखाच बसलो."

तो पुन्हा विचारायला जाणार होता. एकटा. बशीरभाई घाबरले. त्यांना मी कधी असं घाबरलेलं पाहिलं नव्हतं. "भगवानराव, हे बघा. कादंबरी येगळी, संसार येगळा. ह्याच्यावरून काही ठरवू नका." भगवान म्हणाला, "ह्याच्यावरून न्हाई ठरवून राहिलो. ह्याच्यावरून आठवलं."

तो गेला आणि त्या बाईनं होकार दिला. फारकतीचा कागद कोर्टाचा आहे ना, एवढं मी विचारून घेतलं, होता. लग्न साधं झालं, माघात. गंगाआक्का आल्या, पण लग्नाआधी एकदा मुद्दाम कनेरगावला उतरून बशीरभाईंना बजावून गेल्या: "तुमच्या पुस्तकानं माझ्या भावाचं डोस्कं फिरलं. उद्या काही कमीजास्त झालं तर दोघांना आणून तुमच्या दारात बशवीन."

हे बशीरभाईंनी मनावर घेतलं. पुस्तकं वाचणं बंद केलं नाही, पण पंचायत बंद झाली. शेवटच्या प्रकरणाशी न थांबता ते सरळ संपवून पुस्तक मला परत देऊ लागले. "काय झालं त्या पुस्तकात?" विचारलं तर "झालं आपलं काहीतरी." भाभी एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गादीला टाके घालताना बोलतच न्हाईत. सुई कवा येती मला कळत न्हाई, बोटात घुसली दोनदा." गिऱ्हाइकांनी मुद्दाम विषय काढला तरी ते टाळत. साखऱ्याकडचं कुणी आलं की मात्र त्यांचं कामावरून लक्ष उडे. "भगवानच्या घरी बराबर हाय ना?" मला साखऱ्याला काम निघालं की दोन दिवस आधीपासून आठवण करत. मी परत येऊन सांगायचो: हरभरा बरा आहे, म्हातारी बरी आहे, ओसरी सारवलेली होती. ते म्हणायचे, "ते झालं. बोलतात का एकमेकांशी?" हे मोजणीत येत नाही. मी म्हणायचो, बहुतेक बोलत असावेत.

"बहुतेक म्हंजे?"

"म्हणजे मी गेलो तेव्हा भांडत होते. बैल कुठला विकायचा यावरून."

"कोण जितलं?"

"अजून ठरलं नव्हतं."

त्यावर त्यांना थोडं बरं वाटलेलं दिसलं, पण पूर्ण नाही.

पुढच्या वर्षी मुलांच्या शिक्षणासाठी आम्ही हिंगोलीला घर हलवलं. आता बशीरभाई परभणीला मुलीकडं असतात, गुडघ्यांनी चढउतार होत नाही म्हणून. दुकानात मुलगा फोमच्या गाद्या विकतो. फोनवर कधी बोलणं होतं, तेव्हा ते आधी माझ्या बायकोची चौकशी करतात, मग वाचनालयाची. परभणीच्या वाचनालयातून नातीच्या नावावर पुस्तकं आणतात असं कळलं. पण त्यांना मी शेवटचं नाक्यावर, त्यांच्या जागी पाहिलं, ते सामान हलवायच्या दिवशी.

सामानाचा टेम्पो सकाळीच पुढं गेला होता. मी घराची किल्ली मालकाला देऊन दुपारी बससाठी थांबलो होतो. निरोप घ्यायला दुकानात गेलो तर भगवान आणि सुमन आलेले. मी तिला प्रथमच इतक्या जवळून पाहिलं. सावळी, ठेंगणी, डोक्यावर पदर घट्ट, पायात प्लास्टिकच्या चपला. दोघं बाजाराला निघाले होते. भगवान मला म्हणाला, "हिला चाचांना भेटायचं होतं." बशीरभाई गादीवर बसून टाके घालत होते. त्यांनी बसायला सांगितलं, भाभींना हाक मारली, आणि तिच्याकडं न बघता विचारलं, "बरं चाललंय ना, बेटी?"

"बरं चाललंय." ती बसली नाही. "ते पुस्तक मी वाचलं. साखऱ्याच्या अंगणवाडीच्या ताईंनी मिळवून दिलं."

बशीरभाईंनी वर पाहिलं.

"मला ती इंदू पटली न्हाई," ती म्हणाली.

"काहून?"

"तिनं बदली काहून घेतली? तिचं काय चुकलं होतं? त्याच गावात राहायचं, रोज भावाच्या दारावरून शाळेला जायचं. बघू द्यायचं त्येला."

"पण तिच्या जिवाला तकलीफ झाली असती ना," बशीरभाई म्हणाले. त्यांचा आवाज जरा चढला होता, कितीतरी महिन्यांनी. "रोजच्या रोज. लोक बोलतात. तुमी त्या मास्तराचं धरलं का? तो बी तिथंच असता समोर."

"असू द्या की. तकलीफ त्येला झाली असती."

"तसं न्हाई, ऐका—"

"मी गेले तशी," सुमन म्हणाली. "सहा वर्षं. पहिल्या नवऱ्याच्या दारावरून, अंगणवाडीत. तो दार लावून घ्यायचा. मी काही मेले न्हाई."

भाभी तेवढ्यात बाहेर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी पहिल्याच दिवशी म्हणले होते, ती बाई पळपुटी हाय."

"कवा म्हणाली तू?"

"म्हणले होते. तुमी ऐकलं न्हाई."

बशीरभाईंनी मांडीवरची गादी बाजूला सारली, हातानं कापूस झटकून जागा केली आणि म्हणाले, "बस इथं. पहिल्यापासून सांग. ठेकेदाराचं तुला काय वाटलं?"

माझी बस आली होती. मी म्हणालो, येतो बशीरभाई. त्यांनी हात वर केला, पण तो मला होता का तिला थांबवायला होता ते कळलं नाही. बसच्या खिडकीतून दुकान समोर दिसत होतं. सुमन खाली बसली होती आणि बोटांवर काहीतरी मोजून सांगत होती. भगवान गाद्यांच्या गठ्ठ्याला टेकून तिच्याकडं बघत उभा होता. भाभी मध्येच मान हलवत होत्या. आणि बशीरभाईंच्या हातात सुई तशीच होती, दोरा ओवलेला, पण टाका घालायचं ते विसरून गेले होते.